चार संयोगचिन्हं आणि ७१९ घरं

थॉमस फुलर हा सतराव्या शतकातला इंग्रज पाद्री. इंग्लंडच्या एकेका परगण्यातली नामवंत माणसं आणि तिथली नवलं टिपून ठेवायचा त्याला नाद होता. बकिंगहॅमशायरपाशी आल्यावर त्याने एका बाईची हकीकत लिहिली, आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसणार नाही हे ओळखून पुरावाही देऊन टाकला. पुरावा असा, की या गोष्टीवरून आपण पैज लावली होती आणि ती हरलो. पदरचे पैसे गेले की माणूस सहसा तो विषय काढत नाही. फुलरने काढला. पुस्तक छापून निघालं १६६२ साली, तो वारल्यानंतर वर्षभराने.

ती बाई म्हणजे लेडी हेस्टर टेंपल. माहेर सँडिसांचं, सासर स्टो इथल्या टेंपलांचं. तिचे चार मुलगे आणि नऊ मुली जगून-वाढून संसाराला लागल्या. १६५६ साली ती गेली, तोवर तिने आपल्या पोटचे आणि पोटच्यांच्या पोटचे मिळून सातशे जीव पाहिले होते.

सातशे हा आकडा लग्नाच्या पंगतीचा वाटतो. इथे तो नुसत्या घरच्यांचा आहे, आणि त्यात सुना-जावई धरलेले नाहीत.

हिशोब करून पाहिला तर फुलर पैज हरणारच होता असं दिसतं. तेरा मुलं. प्रत्येकाला सरासरी सात धरली तर ९१ नातवंडं. त्यातल्या सत्तरांची लग्नं होऊन त्यांनाही सात-सात झाली, की ४९० पतवंडं. बेरीज ५९४. बाई ऐंशी ओलांडून जगली. थोरल्या लेकींच्या थोरल्या नातींच्या मांडीवर तोवर पोरं खेळत असणार. खापरपतवंडं शंभरेक धरली की सातशे भरतात. सरासरी सात हा आकडा माझा, पण त्या काळच्या खात्यापित्या घरात तो अचाट नव्हता. यातले कित्येक बाईच्या डोळ्यांदेखत गेलेही असतील. तरी सगळ्यांचे वाढदिवस करायचे म्हटले तर ३६५ दिवसांना रोज जवळजवळ दोन येतात. फुलर आणखी एक गोष्ट नोंदवतो: बाई वारली तेव्हा लग्नाला आलेल्या मुलींची पुढची फळी तयार उभी होती.

त्याआधी इंग्लंडात अशा बाबतीत दाखला दिला जाई तो केंटमधल्या मेरी हनीवुडचा. ती १६२० साली ९३ वर्षांची होऊन गेली. तिचा हिशोब फोडीसकट मिळतो: मुलं १६, नातवंडं ११४, पतवंडं २२८, खापरपतवंडं ९, एकूण ३६७. कुणीतरी बसून मोजलेलं आहे. हेस्टरबाईंनी तो आकडा जवळपास दुपटीने मागे टाकला.

मेरी हनीवुडचं नाव आज नवलाच्या गोष्टींपुरतं उरलं आहे. हेस्टरच्या सासरचं मात्र पुढे असं काही झालं, की त्यांची वंशावळ कागदावर मावेना.

टेंपल मूळचे मेंढपाळ. म्हणजे स्वतः काठी घेऊन हिंडणारे नव्हेत. कुरणं खंडाने घेऊन हजारो मेंढ्या चारणारे आणि लोकरीवर पैसा करणारे. १५७१ मध्ये त्यांनी स्टोची जमीन खंडाने घेतली आणि १५८९ मध्ये ती विकत घेतली. हेस्टरचा नवरा थॉमस हा पहिला बॅरोनेट. नातवाने वाडा बांधला. पणतू रिचर्ड हा सेनापती. त्याला व्हायकाउंट कॉबम ही पदवी मिळाली. टेंपल म्हणजे देऊळ, त्यामुळे घराण्याचं लॅटिन ब्रीदही देवळांवरचा श्लेष होतं. कॉबमने तो श्लेष फारच मनावर घेतला आणि स्टोच्या बागेत टेकाडांवर, तळ्याकाठी, झाडीत दगडी देवळंच देवळं उभी केली. बाग युरोपभर गाजली. पण कॉबमला मूलबाळ नव्हतं.

इथून या घराण्याचा खरा खेळ सुरू होतो. कॉबमने पदवी घेतानाच, १७१८ साली, तिच्या सनदेत एक कलम घालून घेतलं होतं: आपल्यामागे ही पदवी बहिणीकडे, हेस्टरकडे जावी, तिच्यानंतर तिच्या मुलग्यांच्या वंशात, आणि तो वंशही खुंटला तर दुसऱ्या बहिणीच्या, क्रिश्चनच्या वंशात. हे शेवटचं कलम लक्षात असू द्या. ते कामी यायला १७१ वर्षं लागणार आहेत.

बहिणीचं नावही हेस्टरच. पणजीवरून ठेवलेलं. तिचं लग्न झालं शेजारच्या वॉटनच्या रिचर्ड ग्रेनव्हिलशी, म्हणजे ती हेस्टर ग्रेनव्हिल झाली. तिच्या मुलीचं नाव हेस्टर; ती थोरल्या विल्यम पिटला दिली, म्हणून हेस्टर पिट. तिची मुलगी हेस्टर. ती अर्ल स्टॅनहोपच्या घरी गेली. आणि तिची मुलगी लेडी हेस्टर स्टॅनहोप, जी घरदार सोडून पूर्वेकडे गेली, लेबनॉनच्या डोंगरात राहिली आणि १८३९ साली तिथेच मेली. सँडिस, टेंपल, ग्रेनव्हिल, पिट, स्टॅनहोप. दर हेस्टरगणिक आडनाव बदललं, कारण ते पुरुषाकडून यायचं. बायकांनी आपल्यापुरतं एक नाव धरून ठेवलं आणि दोनशेहून जास्त वर्षं ते हातोहात पुढे दिलं. वंशावळीच्या पुस्तकात हा धागा सापडायला बराच वेळ लागतो. तिथे सगळी मांडणी मुलग्यांच्या रांगेने असते.

मधल्या हेस्टरचं, कॉबमच्या बहिणीचं घर तर भलतंच निघालं. तिचा मुलगा जॉर्ज ग्रेनव्हिल १७६३ ते १७६५ पंतप्रधान होता. अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टँप कायदा लादून त्यांना चिडवून ठेवणारा हाच. जावई थोरला पिट १७६६ ते १७६८ पंतप्रधान. मुलीचा मुलगा धाकटा पिट वयाच्या चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाला आणि दोन खेपा मिळून जवळजवळ एकोणीस वर्षं राहिला. मुलाचा मुलगा विल्यम ग्रेनव्हिल १८०६-०७ मध्ये. एप्रिल १७६३ ते मार्च १८०७ ही सुमारे ४४ वर्षं धरली तर त्यातली २४ वर्षं आणि वर काही महिने इंग्लंडचा कारभार या एका बाईच्या मुलाकडे, जावयाकडे आणि दोन नातवांकडे होता.

आता ७१९ कडे येतो.

स्टोच्या वाड्यासाठी एक दुपाखी चित्र रंगवून घेतलं गेलं, १८२२ ते १८३९ या वर्षांत. त्यात माणूस नाही, घोडा नाही, निसर्गही नाही. एकाच घराण्याचं कुलचिन्ह आहे, पण त्या ढालीचे ७१९ तुकडे पाडलेले आहेत. प्रत्येक तुकड्यात वेगळं चिन्ह: सिंह, गरुड, पट्टे, शिंपले, कमानी. त्यात इंग्लंडच्या राजचिन्हाचेच दहा प्रकार आहेत. मोर्टिमर, मोब्रे, द क्लेअर, द व्हेअर असे मध्ययुगातले दांडगे उमरावही दाटीवाटीने बसवलेले. एकेका घराला दहा सेकंद दिले तर सगळं पाहून व्हायला दोन तास लागतात. तोवर सुरुवातीचं विसरलेलं असतं.

पण ही घरं भरतात कशी? मोठ्या घरची सून आणली की तिच्या माहेरचं चिन्ह आपल्या ढालीवर आलं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. मुलीला भाऊ असेल तर चिन्ह भावाकडे राहतं, तिच्या मुलांना ते मिळत नाही. मुलीला भाऊच नसेल, किंवा असलेले निपुत्रिक मेले असतील, तरच ती माहेरचं चिन्ह घेऊन येते आणि तिच्या मुलांच्या ढालीत एक घर वाढतं. तिच्या बापाने अशाच लग्नांतून आधी पन्नास घरं जमवलेली असतील तर ती पन्नासही तिच्यासोबत येतात. म्हणजे वाढ बेरजेची नाही, चक्रवाढीची. योग्य बिनभावाची नवरी मिळाली की एका मांडवात शंभर घरं पदरात पडतात.

याचा अर्थ नीट मनात घोळवला की ते चित्र वेगळंच दिसू लागतं. त्यातल्या साधारण प्रत्येक घरामागे एक कुटुंब आहे जिथे मुलगा उरला नाही. एखादा ताप आला असेल, लढाईत दोघं भाऊ गेले असतील, किंवा नुसत्याच मुली झाल्या असतील. वैभवाचं म्हणून मिरवलेलं ते चित्र म्हणजे विझलेल्या वंशांच्या दिव्यांची यादी आहे, आणि सगळ्या दिव्यांचं तेल एकाच समईत ओतलेलं.

वंश खुंटणं ही काही शापाची गोष्ट नव्हे, साधं गणित आहे. लोकसंख्या फारशी वाढत नसलेल्या जुन्या समाजात ढोबळमानाने शंभरातल्या साठच जोडप्यांच्या मागे एखादा मुलगा उरतो. वीस जणांच्या मागे नुसत्या मुली, वीस जणांच्या मागे कुणीच नाही. साठ टक्के ऐकायला बरे वाटतात. पण बापाकडून लेकाकडे ही साखळी दोन पिढ्या न तुटण्याची शक्यता ३६ टक्के, पाच पिढ्यांनी ८ टक्क्यांच्या आत, आणि दहा पिढ्यांनंतर हजारात सहा. मग पुतणे शोधा, चुलत घराणी शोधा, किंवा मुलीकडून वाट काढा. टेंपलांनी तिसरी वाट पत्करली आणि तिच्यावरच इमारत उभी केली.

त्यांचं आडनाव वाचलं की ही वाट कळते. शेवटच्या ड्यूकांचं पूर्ण आडनाव होतं टेंपल-न्यूजंट-ब्रिजेस-शँडोस-ग्रेनव्हिल. पाच नावं, मध्ये चार संयोगचिन्हं. या चिन्हाला मराठीत संयोगचिन्ह म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे.

पहिला संयोग हेस्टरचा: भाऊ निपुत्रिक, म्हणून टेंपलांचं सगळं ग्रेनव्हिलांकडे. तिचा थोरला मुलगा अर्ल टेंपल, त्याला एकच मुलगी झाली आणि ती लहानपणीच गेली, म्हणून १७७९ साली वाडा पुतण्याकडे, जॉर्जकडे. या जॉर्जने १७७५ मध्येच मेरी न्यूजंटशी लग्न केलं होतं. तिचा बाप रॉबर्ट न्यूजंट हा आयरिश गृहस्थ म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिली बायको बाळंतपणात गेल्यावर त्याने दोन लग्नं केली, दोन्ही धनवान विधवांशी. त्यातली एक सुमारे लाखभर पौंड घेऊन आली असं सांगतात. होरेस वॉलपोल हा त्या काळचा मोठा तिखट पत्रलेखक. त्याने न्यूजंटच्या नावाचं क्रियापदच करून टाकलं. अर्थ, श्रीमंत विधवा गाठून गब्बर होणं. न्यूजंटचा मुलगा त्याच्या हयातीतच गेला. मग काय, जमीन, पैसा आणि खास कलमाने अर्लची पदवीसुद्धा जावयाकडे. दुसरा संयोग.

मेरीच्या मुलाने, रिचर्डने, तर एका दगडात दोन पक्षी मारले. १७९६ मध्ये त्याचं लग्न लेडी ॲन एलायझा ब्रिजेसशी झालं. तिसऱ्या शँडोस ड्यूकची ती एकुलती एक. ब्रिजेस आडनाव आलं, शँडोस पदवीचं नावही आलं, आणि १८२२ मध्ये रिचर्ड स्वतः बकिंगहॅम आणि शँडोसचा ड्यूक झाला.

या ॲन एलायझाच्या आजोबांची, दुसऱ्या शँडोस ड्यूकची एक जुनी दंतकथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याची दुसरी बायको ॲन वेल्स ही खानावळीतली मोलकरीण. एका खानावळीच्या आवारात तिचा नवरा तिला गळ्यात दोरी बांधून विकायला घेऊन आला होता, आणि ड्यूकने तिथेच तिला विकत घेतलं, असं म्हणतात. विक्रीचं खरं असो नसो, लग्न १७४४ साली रीतसर झालं. पण ॲन वेल्सला कुलचिन्ह नव्हतं. पुढचा वंशही तिचा नाही, पहिल्या बायकोचा चालला. ७१९ घरांत तिचं एकही नाही.

पहिली बायको होती लेडी मेरी ब्रूस, आणि तिच्याकडून जे आलं त्याच्या जोरावर या घराण्याने नंतर डोकं गमावलं. मेरी ब्रूसच्या वंशातून मागे जात गेलं की सातवा हेन्री लागतो. त्याची मुलगी मेरी, म्हणजे आठव्या हेन्रीची बहीण. तिची मुलगी फ्रान्सिस. तिची कॅथरीन ग्रे, नऊ दिवसांच्या राणीची, जेन ग्रेची धाकटी बहीण. मग तीन सेमूर पुरुष, मग एलिझाबेथ, चार्ल्स ब्रूस, मेरी ब्रूस, तिसरा ड्यूक, आणि ॲन एलायझा. अकरा पायऱ्या, त्यातल्या सहा बायका.

अकरा पायऱ्या वर गेलं की प्रत्येक माणसाला पूर्वजांच्या २,०४८ जागा असतात. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, असं दुप्पट करत जा. ॲन एलायझाच्या त्या २,०४८ जागांपैकी एका जागेवर सातवा हेन्री बसलेला होता. बाकीच्या जागांवर कोण कोण होतं याची कुणी फिकीर केली नाही. त्या एका जागेच्या जोरावर तिच्या मुलाचं नाव ठेवलं गेलं रिचर्ड प्लँटॅजेनेट, इंग्लंडच्या जुन्या राजघराण्याच्या नावावरून. त्या मुलाच्या बाबतीत तर हिशोब ४,०९६ जागांपैकी एका जागेचा होता.

दुपटीचा हा हिशोब आणखी मागे नेला की तो फुटतो. वीस पिढ्यांवर १०,४८,५७६ जागा, तीसवर १०७ कोटींच्या वर. त्या काळी अख्ख्या पृथ्वीवर एवढी माणसं नव्हती. म्हणजे तीच तीच माणसं हजारो जागांवर पुन्हा पुन्हा बसलेली असतात, आणि प्रत्येकाचे पूर्वज प्रत्येकाच्या पूर्वजांत मिसळलेले असतात. मूळ इंग्लंडच्या आजच्या माणसाला चौदाव्या शतकातल्या तिसऱ्या एडवर्डपर्यंत पोचणारी एखादी तरी वाट असण्याची शक्यता जबरदस्त आहे. लंडनच्या ईस्ट एंडचा नट डॅनी डायर याची अशी वाट २०१६ मध्ये टीव्हीवरच सापडली आणि तो थक्क झाला. ड्यूकांचा मोठेपणा राजाच्या रक्तात नव्हताच. वाट लिहून ठेवायला त्यांच्याकडे कागद आणि कारकून होते, एवढंच.

उलट दिशेनेही पाहता येतं. हेस्टरच्या सातशे जणांपैकी प्रत्येकामागे दोन-दोन उरली आणि तीस वर्षांची एक पिढी धरली, तर १६५६ पासून बारा पिढ्यांत आकडा होतो २८,६७,२००. चुलत-मावस लग्नांमुळे तो बराच आटेल. तरी इंग्लंडच्या एखाद्या गर्दीच्या बसमध्ये हेस्टरचं कुणीतरी बसलेलं असेल, आणि त्याला पत्ताही नसेल.

ॲन एलायझाकडून आणखी एक गोष्ट आली, जी त्या चित्रात नाही. तिची आई शँडोसच्या ड्यूकशी लग्न करण्याआधी विधवा होती, आणि पहिल्या नवऱ्याकडून तिला जमैकातला होप नावाचा उसाचा मळा मिळालेला होता. लग्नालग्नांतून तो स्टोला आला. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला तेव्हा सरकारने मालकांना भरपाई दिली, गुलामांना नव्हे. होप मळ्यावरच्या ३७९ माणसांबद्दल या घराण्याला ६,६३० पौंड मिळाले. माणशी साडेसतरा पौंड. गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ चा कायदा ज्या पंतप्रधानाच्या सरकारने मंजूर करून घेतला, तो विल्यम ग्रेनव्हिल पहिल्या ड्यूकचा सख्खा काका. एका हाताने इतिहासात नाव, दुसऱ्या हाताने मळ्याचं उत्पन्न. ७१९ घरांचा हिशोब ठेवणाऱ्यांच्या वह्यांत या ३७९ जणांच्या आजोबांची नावं शोधायला गेलं तर काय मिळणार?

पैसा येत होता तसा जातही होता. पहिल्या ड्यूकवर कर्ज इतकं झालं की १८२७ मध्ये काटकसर करण्यासाठी तो देशाबाहेर पडला. काटकसर त्याने केली ती स्वतःची यॉट बांधून, तिला बायकोचं नाव देऊन, भूमध्य समुद्रात दोनेक वर्षं फिरून. त्याचा मुलगा, म्हणजे आपला रिचर्ड प्लँटॅजेनेट, १८३९ मध्ये दुसरा ड्यूक झाला. मिळकत विकता येऊ नये म्हणून आजोबा-पणजोबांनी कायद्याने बांधून ठेवलेली होती. त्याचा एकुलता मुलगा सज्ञान होताच बापाने त्याच्याकडून ती गाठ सोडवून घेतली आणि गहाणखतं केली. १८४५ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरिया नवऱ्यासह स्टोला मुक्कामी आली. तिच्या स्वागताला काही कमी पडू दिलं नाही. त्यानंतर अडीच वर्षांत दिवाळं.

कर्ज दहा लाख पौंडांच्या पुढे गेलेलं. जगातला सगळ्यात मोठा कर्जदार अशी त्याची ख्याती झाली. १५ ऑगस्ट १८४८, मंगळवार, या दिवशी वाड्यातल्या सामानाचा लिलाव सुरू झाला आणि ७ ऑक्टोबरला संपला. लिलावाचे चाळीस दिवस. चित्रं, पुतळे, चांदी, गालिचे, दारू, पलंग. लोक लांबून नुसते बघायला येत. शेक्सपियरचं जे चित्र आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेलं असतं, कानात डूल घातलेलं, त्याला शँडोस चित्र म्हणतात, कारण ते शँडोसांकडे होतं आणि ॲन एलायझाबरोबर स्टोला आलं होतं. ते ३५५ गिनींना गेलं. घेणाऱ्या लॉर्ड एल्समिअरने पुढे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला भेट दिलं, आणि त्या गॅलरीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक त्याचाच आहे. चाळीस दिवसांचे एकूण आले पंचाहत्तर हजार पौंडांच्या थोडे वर. म्हणजे कर्जाचे रुपयातले सव्वा आणेही फिटले नाहीत. १८५० मध्ये बायकोने घटस्फोट घेतला. तिच्या तक्रारीत कर्जाखेरीज इतरही बऱ्याच गोष्टी होत्या.

तिसरा ड्यूक बापासारखा नव्हता. त्याने रेल्वे कंपनीचा अध्यक्ष म्हणून नोकरीच केली म्हणा ना. गहाण सोडवता सोडवता तो १८७५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन इकडे आला, बायको आदल्या वर्षी गेलेली, सोबत तीन मुली. आणि पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ. खर्चाला आळा घालायला व्हाइसरॉयने पाठवलेल्या प्रतिनिधीचं नाव होतं सर रिचर्ड टेंपल. स्टोच्या टेंपलांतही बापलेकांचं नाव हेच. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर एक आणा, हा या टेंपलने ठरवलेला दर. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि काम दगड फोडण्याचं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. हाच टेंपल १८७७ पासून मुंबईचा गव्हर्नर होता, आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावलं ते याच्याच. म्हणजे तीनेक वर्षं मुंबईला एक टेंपल आणि मद्रासला आडनावाची सुरुवातच टेंपलने होणारा दुसरा. मद्रासेत दुष्काळी मजुरांच्या हातांनी अड्यार आणि कूवम नद्यांना जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा कालवा खणला गेला. तो ज्या लांब कालव्याचा भाग झाला त्याला ड्यूकचं नाव मिळालं. चेन्नईत बकिंगहॅम कालवा आजही आहे, गाळाने भरलेला.

१८८५ मध्ये ड्यूकने दुसरं लग्न केलं. मुलगा झाला नाही. २६ मार्च १८८९ ला तो वारला आणि ड्यूकपद संपलं. शेकडो घराण्यांचे मुलगे संपले म्हणून जे घराणं फुगलं, त्याच्याही मागे तीन मुली उरल्या.

आता ते १७१८ चं कलम. कॉबमची व्हायकाउंट पदवी क्रिश्चन टेंपलच्या वंशात, लिटलटनांकडे गेली. दैवाचा विनोद पाहा: लिटलटनांच्या घरी मुलग्यांचा तोटा नव्हता. आधीच्या लॉर्डला पंधरा मुलं, त्यात आठ मुलगे, आणि आठही क्रिकेट खेळणारे. १८६७ मध्ये बाप, काका आणि पोरं मिळून त्यांनी ब्रॉम्सग्रोव्हच्या शाळेविरुद्ध घरचेच अकरा जण उतरवले होते. सगळ्यात धाकटा आल्फ्रेड इंग्लंडचा यष्टिरक्षक. १८८४ च्या ओव्हल कसोटीत ऑस्ट्रेलिया काही केल्या बाद होईना, तेव्हा ग्लोव्हज काढून त्याने हाताखालून चेंडू टाकले आणि १९ धावांत चार बळी घेतले. कॉबमची पदवी थोरल्याला मिळाली. आजही ती तिकडेच आहे.

स्टो थोरल्या मुलीकडे, लेडी किनलॉसकडे राहिलं. किनलॉस ही स्कॉटलंडची जुनी पदवी, ब्रूसांकडून आलेली, मुलीलाही मिळणारी. तिचा थोरला मुलगा १९१४ च्या डिसेंबरात लढाईत पडला. महायुद्ध संपल्यावर वाडा विकला गेला, आणि ११ मे १९२३ रोजी तिथे ९९ मुलांची शाळा भरली.

किनलॉसची पदवी या लेडी किनलॉसकडून १९४४ मध्ये तिच्या नातीकडे, बिॲट्रिसकडे आली. तिलाही सख्खा भाऊ नव्हता. तिचं लग्न झालं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्या एका अभ्यासकाशी. त्याचं आडनाव फ्रीमन. लग्नानंतर पुस्तकांवर ते फ्रीमन-ग्रेनव्हिल असं छापून येऊ लागलं. संयोगचिन्ह नवऱ्याने लावून घेतलं होतं.